अस्वलाच्या मापाचं चिलखत

हणमंतराव अस्वल व्हायला तयार नव्हते. आणि ते अस्वल झाल्याशिवाय शिवांगी वाचणार नव्हती.

म्हणजे खेळातली शिवांगी. खरी शिवांगी उदगीरच्या घरात सतरंजीवर बसून बापाकडं रागानं बघत होती. ती नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनीअरिंग शिकत होती. आईला जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. घरात चार माणसांचा आवाज व्हावा म्हणून सुट्टीत ती बुद्धप्रिया आणि सिद्धेश्वर या दोन दोस्तांना घेऊन आली होती.

या पोरांचा एक खेळ होता. फासे टाकायचे आणि गोष्ट पुढं न्यायची. त्या गोष्टीत कुणी लढवय्या, कुणी चोर, कुणी जादूगार. लोहा गावची बुद्धप्रिया मांडीवर नियमांचं जाड पुस्तक घेऊन निवाडा द्यायची. चौथा गडी नागसेन तापानं नांदेडलाच राहिला, म्हणून त्याचा जादूगार हणमंतरावांना मिळाला. या जादूगाराला अस्वलाचं रूप घेता येत होतं. हणमंतराव एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टर होते. खेळाला एवढे नियम आहेत हे बघून त्यांना बरं वाटलं.

"काका, चिलखत कसलं घालणार?" बुद्धप्रियानं सुरुवातीलाच विचारलं होतं.

हणमंतरावांनी अंगातल्या करड्या जाकिटावर हात ठेवला. "हे असंच. चार खिसे. बायकोनं शिवलेलं."

तिनं तसंच लिहून घेतलं. घोळ तिथं झाला.

तारामतीबाई गल्लीतल्या अर्ध्या बायकांचे ब्लाऊज शिवायच्या. आजारपणात त्यांनी शेवटचं शिवलं ते हे जाकीट. हणमंतराव ते रोज घालायचे, उन्हाळ्यातही. पण बाई गेल्यापासून गल्लीनं त्यांना एक दिवस चूल पेटवू दिली नव्हती. आज या घरची भाजी, उद्या त्या घरची भाकरी. वजन नऊ किलोनं वाढलं आणि गुंड्या लावताना श्वास धरावा लागायला लागला. दोन महिन्यांपासून त्यांनी रात्रीचं जेवण सोडलं होतं. कुणी विचारलं तर "पित्त हाय" म्हणायचे. जाकीट बसेनासं झालं असतं तर ते पेटीत ठेवावं लागलं असतं, आणि ते त्यांना करायचं नव्हतं.

तर आता खेळात एक राक्षस पुलावर उभा होता. त्यानं शिवांगीला एका पायानं धरून नदीवर लोंबतं धरलं होतं.

"काका, व्हा अस्वल!" सिद्धेश्वर म्हणाला.

"आधी सांगा, चिलखताचं काय होतं?"

बुद्धप्रियानं पानं चाळली. "तीन मार्ग आहेत. एक, ते अंगावरून खाली पडतं."

"खाली नदी हाय. गेलं वाहून. दुसरं?"

"दुसरं, ते अस्वलाच्या अंगात विरघळतं. परत माणूस झालात की परत दिसतं."

"तवर कुठं असतं?"

"आतच असतं. पण दिसत नाही, आणि कामालाही येत नाही."

हणमंतरावांचा हात जाकिटाच्या खिशावर गेला. "ते नको," ते म्हणाले. "तिसरं सांग."

"अंगावरच राहतं. बसलं तर ठीक. नाही बसलं तर फाटतं."

"मंग काढून ठेवतो की बाजूला."

"काढायला पाच मिनिटं लागतात, काका. तोवर राक्षस थांबत नसतो."

"बाबा, मी मरायलेय तिकडं!" शिवांगी ओरडली.

"थांब की जरा. अंगावरचं कापड काय लगेज हाय का, त्याचा येगळा इचार करायला? ते माणसासंगट जातं. नियम हाय."

"तो एसटीचा नियम आहे, काका."

"नियम कुठलाबी असंना, नियम ते नियम!"

एवढ्यात समोरच्या धुरपताबाई धपाट्यांचं ताट घेऊन आत आल्या. "काय लावलंय भाऊजी? तिकडं चौकात आवाज यायलाय."

शिवांगीनं सगळं सांगितलं. धुरपताबाईंनी राक्षस, पूल, नदी यातलं काही विचारलं नाही. "अस्वल झाल्यावर जाकीट कशाला ऱ्हातंय? टराटरा फाटंल," त्या म्हणाल्या.

"तारामतीची शिलाई हाय ती. फाटत नसती."

"माझा पिवळा ब्लाऊज उसवला हुता की."

"तुमी दोन वर्सांत दुप्पट झालाव. त्याला ती काय करंल?"

"अन तुमी?" धुरपताबाईंनी त्यांच्या पोटाकडं पाहिलं.

हणमंतरावांना ते लागलं. ते उठून उभे राहिले. सिद्धेश्वर मेकॅनिकलचा. तो म्हणाला, "भांडण कशाला? टेस्ट करून बघू." त्यानं पलंगावरची उशी आणली. हणमंतरावांनी श्वास धरला, उशी जाकिटाच्या आत पाठीकडून सारली आणि सगळ्या गुंड्या लागल्या.

"बघा!" ते कसेबसे म्हणाले.

"हे तर वासरू झालं," धुरपताबाई म्हणाल्या. "अस्वल कुठं हाय?"

"आण रे दुसरी उशी!"

"बाबा, नको," शिवांगी म्हणाली. पण दुसरी उशी आली. तीही आत गेली. हणमंतरावांनी दोन्ही हात वर केले आणि अस्वलासारखी डरकाळी फोडली.

टर्रर्र!

दोन्ही काखांपासून कमरेपर्यंत. उश्या मागं गळून पडल्या. हणमंतरावांचे हात वरच राहिले. मग ते हळूच खाली आले.

"फाटलं," ते म्हणाले.

कुणी हसलं नाही. सिद्धेश्वर रडकुंडीला आला. "काका, माझंच चुकलं."

"न्हाई लेकरा. आण म्हणून मीच म्हनलं."

त्यांनी जाकीट काढलं, मांडीवर घेऊन घडी घातली आणि पेटीकडं निघाले. धुरपताबाईंनी मधेच ते हिसकावून घेतलं. उलटं केलं. बघितलं. आणि हसायला लागल्या.

"काकू, हसता काय?" शिवांगी चिडली.

"फाटलं कुठं? कापडाला धक्काबी न्हाई. दोरा निघालाय नुसता. हे बघ."

दोन्ही बाजूंना तीन-तीन बोटं कापड आत दुमडलेलं होतं. शिलाई लांब टाक्यांची होती, ओढलं की सुटेल अशी. आतल्या कापडावर बोटाबोटाच्या अंतरानं पांढऱ्या दोऱ्याच्या खुणा होत्या. एक, दोन, तीन.

"ती शिवायली हुती तवा मी बाजूलाच बसले हुते," धुरपताबाई म्हणाल्या. "मी म्हनलं, तारा, एवढं कापड आत कामून कोंबायलीस? तर म्हनली, 'मी गेल्यावर तुमी समद्याजणी ह्यांना जेवू घालताल. अन ह्यांना कुनाला न्हाई म्हनता येत न्हाई.'"

हणमंतराव पेटीवरच बसले. म्हणाले, "आधी सांगितलं कामून न्हाई?"

"तुमी इचारलं का? मला वाटलं, तुमाला पित्त हाय."

"पित्त बित्त काय न्हाई," हणमंतरावांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "कव्हाच नव्हतं."

बुद्धप्रियानं पुस्तक उघडलं आणि पेन्सिलीनं तीन मार्गांच्या खाली चौथा लिहिला. मग वाचून दाखवला, "शिवणारीनं अस्वलाचा अंदाज धरला असेल, तर चिलखत सैल होतं, फाटत नाही."

"आता टाकतो फासा," हणमंतराव म्हणाले.

एक पडला. त्याहून वाईट काही पडत नाही. अस्वल पुलावर घसरलं आणि राक्षस, शिवांगी, सगळ्यांना घेऊन नदीत कोसळलं. बुद्धप्रिया म्हणाली, राक्षसाला पोहता येत नाही, अस्वलाला येतं. शिवांगीनं चिलखताचा एक खिसा घट्ट धरला आणि काठाला लागली.

तोवर धुरपताबाईंनी कोपऱ्यातल्या शिलाई मशीनवरची चादर काढली होती. सव्वा वर्षात तिला कुणी हात लावला नव्हता. दोन थेंब तेल सोडल्यावर ती चालू झाली. तो आवाज ऐकून हणमंतराव मशीनशेजारी जाऊन बसले.

जाकीट घातलं. गुंड्या लागल्या. त्यांनी पोट सोडून श्वास घेतला.

"दोन बोटं सोडलीत," धुरपताबाई म्हणाल्या. "एक बोट शिल्लक हाय. आता जेवा गपगुमान."

हणमंतरावांनी तीन धपाटे खाल्ले. चौथा उचलला, जाकिटाकडं पाहिलं, धपाटा मोडला आणि अर्धा ताटात परत ठेवला.

"काय झालं? तिखट झालाय व्हय?"

"न्हाई, लई चांगला हाय," ते म्हणाले. "पण ते एक बोट पुरवायचंय मला."