सबनिसांची आइसलंडची अळी

माझ्या हळदीकुंकवाच्या ई-मेलमधल्या तीन चुका नंबर घालून परत पाठवणारा माणूस जगात एकच, आणि तो नेमका आमच्या शेजारी, हॉलंडमधल्या बेस्ट नावाच्या गावात राहायचा. सबनीस. २००५ च्या सुमाराची गोष्ट. आइंडहोवनच्या एका कंपनीत ते टेस्टिंगला होते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घ्यायचे आणि घरी आल्यावर तेच काम फुकट करायचे. माझ्या पुरणपोळ्या खाऊन म्हणाले, "उत्तम. पण दोन पोळ्यांचा व्यास जुळत नाही. पुन्हा तपासा." अस्सा राग आला होता मला!

पण हाच माणूस आपल्या लेकीला एक गोष्ट मात्र धडधडीत चुकीची सांगायचा. ऑफिसातल्या आइसलंडच्या सहकाऱ्याकडून ऐकलेली. आपलं सोनं वाढावं म्हणून एका मुलीने अंगठीसोबत पेटीत एक अळी ठेवली. वाढली ती अळीच! मुलीने घाबरून पेटी लागरफ्ल्योत नावाच्या तळ्यात फेकली. तिथे अळी अशी माजली की शेवटी दोन मांत्रिकांनी तिचं डोकं आणि शेपूट तळाशी बांधून टाकलं. आता मधूनच फक्त पाठ पाण्याबाहेर येते म्हणे. हे सगळं मला नंतर कळलं, कारण सबनीस कधी पेटीचा डबा करायचे, कधी तळ्याची विहीर.

त्यांची इरा नऊ वर्षांची. आई गेल्यावर पुण्याहून इथे आली ती गप्पच. शाळेत वर्षभर चकार शब्द नाही. बाईंनी सांगून टाकलं, वर्गासमोरचं भाषण, म्हणजे इथलं स्प्रेकबर्ट, झालं नाही तर पुन्हा याच वर्गात बसावं लागेल.

त्या दिवशी मी मुलांचं वाचन घ्यायला वर्गातच होते. सबनीस मागे, मुलांच्या खुर्चीत गुडघे हनुवटीला लावून बसलेले. इरा फळ्यासमोर उभी. एक मिनिट गेलं, दोन गेली. मुलं खुसखुसायला लागली.

आणि सबनिसांनी हात वर केला! मोडक्यातोडक्या डचमध्ये ठणकावून म्हणाले, "एका मुलीने अळीला पोळीच्या डब्यात ठेवलं."

"डबा नाही, बाबा! पेटी!" इरा डचमध्येच कडाडली.

"बरं. मग तो डबा विहिरीत टाकला."

"तळ्यात!"

आणि मग कसली थांबतेय! अळी फुगली, मांत्रिक आले, डोकं बांधलं, शेपूट बांधलं. हातवारे काय, आवाज काय! वर्ग टाळ्यांनी दणाणला. बाईसुद्धा उभ्या राहिल्या. मी तर चक्क शिट्टी मारली, लाज कसली!

बाहेर सायकलींपाशी सबनीस कुलपाशी झटत होते. किल्ली भोकात जाईना.

"अहो, एवढीशी गोष्ट तुमच्या लक्षात कशी राहत नाही?" मी विचारलं.

"पाठ आहे हो. सगळी." त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "ही गेली आणि पोर माझ्याशीसुद्धा बोलेना. एकदा मी चुकून अंगठीऐवजी बांगडी म्हणालो. ती म्हणाली, 'अंगठी, बाबा.' तीन महिन्यांतला पहिला शब्द. तेव्हापासून रोज चुकतोय."