बाबल परबांची मटकी

बाबल परबांच्या हॉटेलात खायचं काय ते गिऱ्हाइकानं ठरवायचं, पण चूळ कुठं भरायची ते बाबल परब ठरवत. मागच्या दारी त्यांनी पत्र्याचं पन्हळ बसवलं होतं. हात धुतल्याचं पाणी त्यातून थेट अळवाच्या वाफ्यात जाई. एखादा नवखा चुकून गटारापाशी गेला की गल्ल्यावरून आरोळी उठे, "ओ पावण्यानू! थय नको, हय भरा चूळ! टाकतास कित्याक?" गुरुवारी त्याच अळवाच्या वड्या होत. आम्ही त्या मिटक्या मारत खायचो आणि कुठलं पान कुणाच्या चुळेवर पोसलंय यावर पैजा लावायचो.

हे हॉटेल डिलाईल रोडवर, आमच्या चाळीच्या तळमजल्याला. वरच्या मजल्यावर आई आणि मी. मी नुकता एका कचेरीत चिकटलो होतो, आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी सगळं गिरणगाव रस्त्यावर उतरलं होतं.

"टाकतंस कित्याक?", म्हणजे वाया का घालवतोस, हा परबांचा मंत्र. लाकूड-कोळसा जाळणं त्यांना पाप वाटे. रे रोडच्या वखारींतून ते भुसा आणत, शेगडीत मधोमध बाटली उभी करून भोवती तो ठासून भरत आणि मग बाटली अलगद वर ओढत. ती निघेपर्यंत ते श्वास रोखत. आम्हीही रोखायचो, कारण भुसा ढासळला तर चहाला तासभर उशीर. शेगडीची राख भांड्यांना, चहाचा चोथा चाळीतल्या तुळशींना, किटलीची वाफ शिळ्या पावांना. बटाट्याची सालं समोरच्या बकरीला. तिनं दोन सालं शिल्लक ठेवली तर तिलाही तोच सवाल, "टाकतंस कित्याक?" बकरी बिचारी ओशाळून परत खायला लागे, असं आम्हाला तरी वाटायचं.

एकदा तपासणीला म्युनिसिपालिटीचे साहेब आले. "कचऱ्याचा डबा कुठाय?" परब गोंधळले. "कचरो व्हयो ना पयलो!" साहेबांनी दम भरला, तेव्हा परबांनी झाकणाचा नवा डबा आणला. पुढच्या खेपेला साहेबांनी झाकण उघडलं तर आत पोह्याचे पापड. साहेबांनी कपाळावर हात मारला आणि चार पापड भाजून मागितले.

अशा माणसावर एका संध्याकाळी आभाळ कोसळलं. गिरण्यांचा पगार झालेला, म्हणून परबांनी दुप्पट मटकी भिजवून, फडक्यात बांधून तिला टपोरे मोड आणले होते. ते गाठोडं सोडतायत तोच रस्त्यातून कर्णा आला, "उद्या कडकडीत हरताळ!"

परब मटकन बाकावर बसले. हॉटेल उघडायचं तर महाराष्ट्राशी गद्दारी. तसं करण्यापेक्षा त्यांनी शेगडीत उडी घेतली असती. आणि बंद ठेवायचं तर पातेलंभर मटकी आंबून गटारात! आयुष्यात दाणा न टाकलेला माणूस. डोळ्यांत अक्षरशः पाणी आलं.

तासाभरानं ते पातेलं खांद्यावर घेऊन आमच्या दारात उभे. "वैनी, आयदान काढा. ही परवापर्यंत टिकाची नाय." आईनं भांडं पुढं केलं.

मग काय विचारता! परबांनी मजल्यामजल्यावर दारं ठोठावून मटकी वाटली. हरताळाचा एक स्वयंसेवक जिन्यात आडवा आला, "बाबलशेठ, उद्या दुकान चालू?"

"दुकान बंद हा. मटकी भायर इली!"

दुसऱ्या दिवशी सबंध चाळीत एकच वास. शेजारच्या मास्तरांकडे गूळ घातलेली, पैलवानाच्या घरात लालभडक, आमच्याकडे ओल्या खोबऱ्याची. परब वधूपित्यासारखे वरखाली पळत होते आणि प्रत्येक चुलीपाशी ओरडत होते, "झाकण ठेवा गे बायांनू, वाफ जाता!" पैलवानाच्या बायकोनं त्यांना पळीनं हाकललं.

शेवटी आईनं त्यांना धरून बसवलं. "भावजी, नुसतं नाचताय. जेवलात का?"

परब बावचळले. हॉटेलवाल्याला जेवलास का, हे कोण विचारणार? आम्ही वर्षानुवर्षं त्यांच्या हातचं खात होतो, पण एकाच्याही मनात तो प्रश्न आला नव्हता. बायको गावी वारलेली, मूलबाळ नाही. रात्री बाकडी जोडायची आणि अंग टाकायचं.

आईनं पाट मांडला. परब मान खाली घालून जेवले. ताट बोटानं पुसून झालं. हात वाळला तरी उठेनात. मी पाणी पुढं केलं, तेव्हा हळूच म्हणाले, "पाटार बसान जेवलंय, त्येका बरीच वर्सां झाली." मी उगाच खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

पुढचा हरताळ सगळ्यांना चांगला आठवडाभर आधी ठाऊक होता. भिंतीभिंतीवर लिहिलेला. परबांच्या बंद दारासाठीची पाटी तर त्यांनी स्वतः रंगवून वाळत ठेवली होती. तरी आदल्या संध्याकाळी ते आमच्या दारात हजर. खांद्यावर पातेलं, नजर जमिनीवर.

"वैनी, चुकान भिजत घातलंय."

चुकून! हा माणूस! मी तोंड उघडणार, तोच आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी भांडं आणायला आत वळलो.

"बरं झालं," ती परबांना म्हणाली. "उद्या लवकर या, भावजी. गरम गरम वाढते."