दसऱ्याच्या पाटावरचं नवं हत्यार

वाकलेली कुठलीही वस्तू माझ्याकडे आणा, मी सरळ करून देतो. उगाच बढाई मारत नाही. अंबडच्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये फिटर म्हणून माझी उमर गेली. शाफ्ट वाकू दे, दरवाजाची कडी वाकू दे, सोसायटीत एकच वाक्य ऐकू येतं, "देवरामभाऊंकडे न्या." आणि नेमका पन्नाशी उलटल्यावर माझ्याच शरीराचा एक अवयव डावीकडे वाकायला लागला! आता माझ्या अब्रूचं काय झालं असेल ते तुम्हीच बघा.

कुठला अवयव ते विचारू नका. पुरुषांनी ओळखलं असेल. बायकांनी तर पहिल्या ओळीलाच ओळखलं असेल.

आधी हाताला एक टणक गाठ लागली, मग दुखायला लागलं, मग वाक आला. मी काय केलं? चार पुरुष करतात तेच केलं, कुणाला सांगितलं नाही. बायकोला, म्हणजे उज्वलाला, "पाठ धरलीय" म्हणालो आणि हॉलमधल्या दिवाणावर झोपायला लागलो. तिनं तेल चोळलं, शेक दिला. मग एकदा पोळ्या लाटता लाटता माझ्याकडे न बघता विचारलं, "अहो, माझं काही चुकलं का?"

खरं सांगायची हीच वेळ होती. तरी तोंडातून काय निघालं? "छे गं, गादीच खराब आहे." बिचारीनं नवी गादी आणली. मग मी नव्या गादीला नावं ठेवली. त्यानंतर तिनं काही विचारायचंच सोडून दिलं, आणि ते जास्त लागलं.

शेवटी गंगापूर रोडच्या एका मूत्रविकारतज्ज्ञाकडे चोरासारखा गेलो. तोंडाला मास्क, डोक्याला टोपी. डॉक्टरांनी तपासलं आणि सर्दी झालीय असं सांगावं तितक्या सहज म्हणाले, "पेरोनीज डिसीज."

"कॅन्सर?"

"नाही."

"मग काही पापबिप..."

"देवरामराव, आतल्या आवरणाला कधीतरी नकळत बारीक मार बसतो. तो भरताना आत जाड वण राहतो. वण ताणला जात नाही, म्हणून त्या बाजूला वाक येतो. ह्यात पाप कुठून आलं? आणि हे कुणाला लागतही नाही."

मी हळूच विचारलं, "मी फिटर आहे. घरी काही जिग, म्हणजे पकडून धरायचा साचा बनवून, थोडा दाब देऊन..."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हे लोखंड नाही. तुम्ही ह्याला हात लावायचा नाही."

मग त्यांनी समजावलं. दुखणं बहुतेक हळूहळू आपोआप थांबेल. वण सैल व्हावा म्हणून ताण देणारं एक यंत्र रोज काही तास लावायचं, चिकाटीनं. नाहीच फरक पडला तर इंजेक्शनं आहेत, अगदी शेवटी ऑपरेशन. निघताना म्हणाले, "पुढच्या वेळी मिसेसना घेऊन या. हा दोघांचा प्रश्न आहे." मी "हो हो" म्हणालो आणि जिन्यावरून पळालो.

यंत्र घरी आलं. खाली एक कडं, दोन बाजूंना स्टीलच्या दांड्या, आत स्प्रिंगा, वर रबरी पट्टा. काम नंबर एक! नुसती फिनिशिंग बघत बसलो. पाठीच्या व्यायामाच्या नावाखाली दार लावून मी ते वापरायला लागलो. प्रश्न होता लपवायचा. कपाट उज्वला आवरते, माळा उज्वला झाडते. पण माझी हत्यारांची पेटी! तिला घरात कुणी बोट लावत नाही. व्हर्नियर, मायक्रोमीटर, पाने आणि पक्कड ह्यांच्यात ते यंत्र असं मिसळून गेलं की मलाच शोधावं लागायचं. माझ्या डोक्याचं मलाच कौतुक वाटलं.

एकच गोष्ट विसरलो. ती पेटी वर्षातून एकदा घरचे उघडतात. दसऱ्याला.

दसऱ्यासाठी माझी आई, कुसाबाई, घोटीहून तांदळाचं गाठोडं घेऊन आली होती. सकाळी मी कंपनीत मशिनींच्या पूजेला गेलो. नारळ फोडला, पेढे खाल्ले, खुशीत घरी आलो आणि दारातच थिजलो. हॉलमध्ये पाट मांडलेला. पाटावर माझी सगळी हत्यारं तेलानं पुसून ओळीत ठेवलेली. आणि मधोमध, हळद-कुंकू लावून, झेंडूची माळ घालून, समोर निरांजन लावून, ते!

"आई, हे कशाला काढलं?"

"आरं, नवं दिसलं म्हनून मधी ठिवलं. जुन्यांना काय, दरसाल मान भेटतोच. लय भारी हत्यार हाय. महाग आसंल, नाय का?"

मी हात पुढे केला. तिनं चापट मारली. "पूजेतलं हत्यार उद्या सकाळपत्तुर हलवायचं नाय. तुझ्या बापानं कधी हलवलं नाय."

उज्वला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "हे कधी आणलंत? मला दाखवलं नाहीत."

"कंपनीचं आहे."

"कंपनीची वस्तू घरी आणायची सवय तुम्हाला कधी लागली?" एवढंच म्हणून ती आत गेली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर परवडला असता. तिथं नुसतं 'आणखी एक थाप' असं लिहिलं होतं.

संध्याकाळी सोनं द्यायला अख्खी सोसायटी लोटली. जो येईल तो आपट्याची पानं देतो, आईच्या पाया पडतो आणि उठताना पाटावर डोकावतो. वरच्या मजल्यावरचा सुयश इंजिनिअर आहे. तो तर मांडी घालून समोर बसलाच.

"काका, हे काय आहे?"

"गेज. सरळपणा मोजायचं."

"मग स्प्रिंगा कशाला?"

"मोजता मोजता सरळही करतं."

हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

"भारीच की! माझ्या पडद्याचा रॉड वाकलाय. उद्या सकाळी न्यायला येऊ?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "ने की. शेजाऱ्याला नाय म्हनू नये."

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे कारभारी नाना आले. नाना म्हणजे आमचे चेअरमन. गॅलरीत आतले कपडे वाळत घालू नयेत, जिन्यात मोठ्यानं हसू नये, असल्या सूचना फळ्यावर लिहिणारा माणूस. नाना वाकून सोनं द्यायला गेले आणि पाट बघून तसेच वाकलेले राहिले. चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. कान लाल झाले. मी मनात म्हटलं, संपलं.

आईनं विचारलं, "नाना, तुमच्याकडं हाय का आसलं?"

"आहे," नाना म्हणाले, आणि लगेच खोकले, "म्हणजे... होतं. देवराम, जरा गॅलरीत या."

गॅलरीत मी मान खाली घालून उभा राहिलो. नानांनी दार ओढून घेतलं आणि पुटपुटले, "ओलं कुंकू लावू देऊ नका. स्प्रिंग गंजते."

मी मान वर केली. "नाना, तुम्हाला...?"

"कपाटात आहे. स्वेटरमध्ये गुंडाळून. आणि स्क्रू फार आवळू नका, घाईनं काही होत नाही. मला बराच उतार पडला." मग त्यांनी विचारलं, "वहिनींना सांगितलंत?"

"नाही."

"मीही किती तरी दिवस नव्हतं सांगितलं. आमच्या हिला वाटलं, माझं मन उडालं. आजार बरा झाला हो, पण ते दिवस फुकट गेले. आजच सांगा."

मी सरळ स्वयंपाकघरात गेलो. उज्वला वाट्यांमध्ये श्रीखंड वाढत होती. पाठ, गादी, व्यायाम, डॉक्टर, वण आणि पाटावरचं ते, सगळं एका दमात सांगून टाकलं. आयुष्यात इतकं भरभर मी फक्त लग्नातल्या उखाण्याला बोललो होतो.

ती चमचा धरून उभी. "म्हणजे मी नकोशी झाले म्हणून नाही?"

"अगं, काय बोलतेस! तू नकोशी? मला लाज वाटत होती."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग श्रीखंडाचा चमचा माझ्या दंडावर बसला, चांगला जोरात. "आणि माझी जुनी गादी दिली ना मी भंगारात!" मग तिची नजर हॉलमधल्या पाटाकडे गेली. निरांजन, झेंडू, आणि समोर हात जोडून डोळे मिटून बसलेल्या शेजारच्या चिमणाबाई. उज्वला ओट्याला धरून खालीच बसली. तोंडात पदर कोंबून इतकी हसली, की शेवटी मीही तिच्याशेजारी फरशीवर बसून हसलो.

"काय रं झालं?" आईनं हाक मारली.

"काही नाही आई, ह्यांची पाठ सुटली," उज्वला म्हणाली.

पुढच्या तपासणीला ती माझ्याबरोबर आली आणि तिनं डॉक्टरांना असे प्रश्न विचारले की मी छताचा पंखा बघत बसलो. वाक आता कमी होतोय. डॉक्टर म्हणतात अगदी ओळंब्यात नाही येणार, पण काही अडणार नाही. फिटर म्हणून मला ते खटकतं. उज्वला म्हणते, "तुमची कंपनी नाही ही, राहू द्या."

पण दुसऱ्या दिवशीचं सांगायचं राहिलं. सकाळीच बेल वाजली. दारात सुयश. "काका, ते गेज..."

उज्वला पुढे झाली. "ते नाही मिळायचं रे. घरात रोज लागतं."

"बरं काकू. मग नानांकडे मागतो. ते काल म्हणाले ना, आहे म्हणून."

आणि तो दोन-दोन पायऱ्या उतरत गेलासुद्धा! आम्ही दोघं दाराला कान लावून उभे राहिलो, तिचं डोकं माझ्या खांद्यावर. खालची बेल वाजली. सुयशचा आवाज आला. मग दार धाडकन आपटलं.

संध्याकाळी फळ्यावर नवी सूचना होती : "सभासदांनी एकमेकांची हत्यारे उसनी मागू नयेत. हुकमावरून, चेअरमन."

त्याखाली जिन्यात मोठ्यानं हसणारे आम्ही दोघंच होतो.