रफिकभाईंचा लेझर

रफिकभाईंना एका जागी थांबता येत नाही. लिफ्टची वाट बघताना पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालतात, आणि लिफ्ट आली की जिन्यानं निघून जातात. पुनावळ्याच्या आमच्या सोसायटीत ते समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतात. चाकणच्या एका कंपनीत लेझरनं पत्रा कापायचं मशीन चालवतात. तिथं मात्र आख्खी शिफ्ट एका जागी उभं.

मशीनचा एक शब्द त्यांच्या तोंडी बसलाय. चहा दिला तरी विचारतात, "पॅरामीटर काय, भाऊ? साखर किती?" माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा जावयाचेही पॅरामीटर विचारले.

उभं राहून राहून पायांच्या शिरा फुगल्या, गाठी आल्या. घोट्याजवळ जखम झाली, ती भरेना. डॉक्टरांनी लेझर सांगितला आणि रफिकभाई हादरले.

"राव, बारा एमएमचा पत्रा मी लोण्यासारखा कापतो. हा तर पाय!"

तीन तारखा चुकवल्या. मग एका सकाळी त्यांनीच आमची बेल वाजवली. "चला, आजच. पुन्हा माझी टरकायच्या आत."

चिंचवडच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंना पहिला प्रश्न, "मॅडम, पॅरामीटर काय? किती वॉट?"

"सात-आठ. शीर आतून बंद होते, कापायचं काही नाही."

"फक्त आठ? आमच्याकडं सहा हजार!" जीव भांड्यात पडला, पण थोडा अपमानही झालेला दिसला.

तासाभरात बाहेर आले, पायात मांडीपर्यंत घट्ट मोजे. बाई म्हणाल्या, "रोज चालायचं. पण आठवडाभर जड उचलायचं नाही."

"चाळीस किलो?"

"अजिबात नाही. कंपनीसाठी चिठ्ठी देते."

"कंपनीत क्रेन आहे, मॅडम." त्यांचा आवाज उतरला. "घरी बायको आहे. दोन वर्षांपूर्वी तिची एक बाजू गेली. सकाळी न्हाणीत न्यावं लागतं, संध्याकाळी खिडकीपाशी."

भाभींचं सगळं करायला कामवाली बाई येते, असं आम्ही समजत होतो. बाई फक्त स्वयंपाकाला येत होती.

संध्याकाळी मी आणि माझी बायको गेलो. भाभींना दोघांनी मिळून उचललं. रफिकभाई लंगडत भोवती फिरत होते, "मानेखाली हात... सावकाश..."

खुर्चीत टेकल्यावर भाभी माझ्या बायकोला अडखळत म्हणाल्या, "मला उचलताना यांचे पाय थरथरायचे. मला कळायचं. म्हणून मी रात्रीची पोळी सोडली. तेवढंच वजन कमी."

रफिकभाई आत गेले, ताटलीत पोळी घेऊन आले आणि भाभींना एकेक घास भरवू लागले.