आस्थेवाईक कोल्हा आणि सुईचं नेढं

एका जंगलात, मुलांनो, ओढ्याच्या पलीकडे लहान लहान कारखान्यांची एक वसाहत होती. जंगल कुठलं ते विचारू नका. तिथले लोक रागावतात.

त्या वसाहतीत कुमुदिनी नावाची एक साळिंदर सुया बनवायची. कच्चा माल अंगावरच होता. ती पटकन दचकायची, आणि दचकली की चार-दोन काटे गळायचे. पान पडलं, दचकली. पान पडलं नाही, म्हणजे आता पडणार, म्हणून दचकली. धंदा बरा चालला होता.

काटा काय, कुणीही घासून टोकदार करील. खरं कसब नेढ्यात होतं. नेढं म्हणजे सुईचं ते भोक, ज्यातून दोरा जातो. काट्याला भोक पाडायला गेलं की काटा उभा चिरतो. कुमुदिनीचा चिरत नसे. ती युक्ती तिला आईनं शिकवली होती. दुसऱ्या कुणाला ती कळली की आपल्या कारखान्याला टाळं, हे कुमुदिनीला पक्कं माहीत होतं.

आणि नेमक्या त्याच सुमारास वसाहतीत चोऱ्या सुरू झाल्या.

चोर दार फोडत नव्हता. दार वाजवत होता.

"कोण आहे?"

"मी!"

"मी कोण?"

"घ्या! म्हणजे ओळखलं नाही? विसरलात ना आम्हाला? मोठे झालात बुवा!"

आता, मुलांनो, एवढं ऐकल्यावर 'नाही ओळखलं' असं कोण म्हणेल? त्या जंगलात लोक एक वेळ शेपूट तोडून देतील, पण असं तोंडावर म्हणणार नाहीत. वाईट दिसतं. म्हणून आतला म्हणायचा, "छे हो, ओळखलं की! या, या." आणि कोल्हा आत यायचा.

झाकणं बनवणाऱ्या कासवकाकांकडे तो दुपारभर बसला. जाताना झाकणांचा साचा घेऊन गेला.

"पण काका, तो कोल्हा आहे हे दिसलं नाही का तुम्हाला?" कुमुदिनीनं विचारलं.

"दिसलं ना! म्हटलं, ओळखीचा कोल्हा असेल. तुझ्या काकूच्या माहेरकडचा."

कुमुदिनीचे मूठभर काटे तिथंच गळले.

बातमी सिंहापर्यंत गेली. सिंहानं लहान कारखानदारांसाठी सुरक्षा साहाय्य कक्ष काढला आणि त्यावर घोरपडे साहेबांना नेमलं. साहेब म्हणजे घोरपडच, पण साहेब झाल्यावर नावाला मात्रा लागली. आजवर त्यांनी फक्त हत्तींचे कारखाने राखले होते.

"प्रथम खंदक खणा," साहेब म्हणाले. "खंदकात मगर सोडा."

"साहेब, माझं बीळ आहे," कुमुदिनी म्हणाली. "मगर मावायची नाही."

"उभी ठेवा."

मग आला परवलीचा शब्द. साहेब म्हणाले, सोपा नको. त्यात एक डरकाळी, एक फूत्कार आणि एक शीळ हवीच. शिवाय दर अमावास्येला बदलायचा. कासवकाकांच्या काही लक्षात राहीना. त्यांनी तो पाठीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतला आणि निश्चिंतपणे बाजारात हिंडू लागले.

शेवटी साहेबांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं. "म्हणा, नाही ओळखलं."

"नाही... म्हणजे, चेहरा ओळखीचा वाटतोय," कासवकाका म्हणाले.

"नुसतं 'नाही ओळखलं'!"

"असं एकदम?" काकांनी मान आत घेतली.

कुमुदिनी मात्र घरी जाऊन घोकत राहिली. आरशासमोर उभी राहून म्हणायची, "नाही ओळखलं." आरशातली साळिंदर दुखावल्यासारखी दिसायची. मग ती तिची माफी मागायची आणि पुन्हा घोकायची.

आणि एका भर दुपारी दार वाजलं.

"कोण?"

"मी!"

"मी कोण?"

"घ्या! ताई, ओळखलं नाही?"

कुमुदिनीनं डोळे गच्च मिटले. "नाही ओळखलं."



"काय म्हणालात?"

"नाही ओळखलं. अजिबात नाही."

तिचे काटे टपटप गळत होते. पण दार बंद होतं आणि युक्ती आत होती. आपण एवढ्या धीराच्या आहोत, हे तिला आजच कळत होतं.

मग बाहेरून एक हुंदका ऐकू आला.

"बरोबर आहे तुमचं," कोल्हा म्हणाला. "कोण ओळखणार मला? दारोदार फिरतो, सगळे म्हणतात, ओळखलं, ओळखलं. खरं काय ते तुम्हीच बोललात."

"अहो, रडू नका हो."

"नाही, मी जातो. बसतो कुठंतरी उन्हात."

"पाणी तरी पिऊन जा," कुमुदिनीच्या तोंडून निघून गेलं.

आता पाणी द्यायचं तर दार उघडायला हवं. आणि पाणी दिलं पण चहा विचारला नाही, असं तर त्या जंगलात कधी झालंच नव्हतं.

कोल्हा बशीत चहा ओतून इकडेतिकडे बघत होता. "काय सुबक सुया आहेत! तुम्ही करता? एकट्या?"

"हो."

"आणि हे एवढुस्सं नेढं? काटा चिरत कसा नाही हो?"

कुमुदिनी दचकली. इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. गिऱ्हाइकांनी नाही, शेजाऱ्यांनी नाही, साहेबांनी तर नाहीच.

"त्याचं काय आहे ना," ती म्हणाली आणि जरा पुढे सरकून बसली, "आधी काटा भिजत घालायचा..."

पुढच्या बाजारात कोल्ह्याच्या सुया आल्या. कुमुदिनीच्या कारखान्याला टाळं लागलं.

घोरपडे साहेब चौकशीला आले.

"दार फोडलं?"

"नाही. मीच उघडलं."

"परवलीचा शब्द चोरला?"

"त्यानं तो विचारलाच नाही."

"'नाही ओळखलं' म्हणालात?"

"दोनदा."

"शाब्बास!" साहेबांचं शेपूट आनंदानं हललं. "म्हणजे आपली व्यवस्था चोख चालली. ही चोरी नव्हेच. वसाहत सुरक्षित झाली, असं महाराजांना आजच कळवतो."

ते निघाले, तेव्हा कुमुदिनीनं धीर करून विचारलं, "साहेब, माझा कारखाना कशाचा होता, ठाऊक आहे का तुम्हाला?"

साहेब थबकले. त्यांनी बिळाकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. पायाखाली सुयांचा खच पडला होता आणि ते त्यावर उभे होते. त्यांची कातडी जाड होती.

"लोणच्यांचा," साहेब म्हणाले. "छान असायची."

तात्पर्य, हे पाटीवर उतरवून घ्या : अनोळखी कुणाला घरात घेऊ नये, तो आपल्या कामाची चौकशी करतो. शेजारी, नातेवाईक आणि साहेब यांना मात्र खुशाल आत घ्यावं. आपण काय करतो याचा त्यांना पत्ताच नसतो, त्यामुळे गुपित त्यांच्यापाशी अगदी सुरक्षित राहतं.