हत्तीचं शेपूट

चंद्रहासने वॉशिंग मशीनमध्ये एकच टीशर्ट टाकला आणि बटण दाबलं.

"एका शर्टासाठी मशीन? माझी बनियनं पडलीयत, ती टाक की!" रूममेट राघव ओरडला.

"नाही रे. युनिफॉर्म एकटा धुतला तर टॅक्समध्ये धुण्यामागे एक डॉलर वजावट, डिडक्शन. तुझ्या बनियनांबरोबर पन्नास सेंट."

चंद्रहास भलता चौकस. कशाचाही छडा लावल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. इथे परदेशात, वेंटवर्थव्हिलच्या एका हॉटेलात तो युनिव्हर्सिटी सांभाळून वेटर होता. टीशर्टवर हॉटेलचा हत्ती छापलेला. लोगोवाल्या कपड्यांचीच धुलाई टॅक्समध्ये धरतात, साध्या काळ्या पँटची नाही, हेही त्याने शोधलं होतं. दीडशे डॉलरपर्यंत पावतीही लागत नव्हती. म्हणजे दीडशे धुणी झाली की दीडशे डॉलर हातात, असा त्याचा हिशेब. आणि आईला पदवीदानाला आणायच्या तिकिटात नेमके दीडशेच कमी पडत होते. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, अशी गत!

पण खोटं लिहायचं नाही, हा त्याचा बाणा. जूनअखेर इथलं टॅक्सचं वर्ष संपायच्या आत दीडशे धुणी खरीखुरी व्हायला हवी होती. मग काय, सकाळ-संध्याकाळ धुणं! एकट्या शर्टाने मशीन थयथय नाचायचं.

मे महिन्यात हत्तीची सोंड गेली. मग कान गेले. जूनमध्ये मालकीण शैलाताईंनी त्याला काउंटरपाशी थांबवलं.

"काय रे, हत्ती कुठाय?"

त्याने वाकून पाहिलं. खरोखरच शेपूट राहिलं होतं.

"नवा घे. पंचवीस डॉलर."

तो रडवेला होऊन घरी आला. "राघव, लोगोच धुतला गेला! आता आई कशी येणार?"

राघव अकाउंटिंग शिकत होता. "वर्षात कमावलेस किती?"

"सतरा हजार."

"अठरा हजार दोनशेपर्यंत टॅक्सच नाही, बाबा! डिडक्शन उत्पन्नातून वजा होतं, त्यावरचा टॅक्स तेवढा वाचतो. तुला टॅक्सच नाही, तर वाचणार काय, कप्पाळ?"

"पण सुट्टीत फुलटाइम केलं, तेव्हा पगारातून टॅक्सचे दोनशे दहा कापलेत!"

"रिटर्न भर, सगळे परत येतील. न धुता."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"विचारलंस कधी? मला वाटलं, तुला स्वच्छतेचं वेड लागलंय."

ऑगस्टमध्ये खरंच पैसे आले, तिकीट निघालं. चंद्रहास शिफ्टवरून थेट विमानतळावर गेला. आईने त्याला पोटाशी धरलं, डोळे पुसले. मग तिची नजर नव्याकोऱ्या हत्तीवर गेली. त्यावर डाळीचा डाग होता.

"शी! घरी गेल्या गेल्या काढ तो. आधी धुवून टाकते."

"आई, नको!" चंद्रहासने दोन्ही हातांनी हत्ती झाकला.