पृष्ठ एकशे बारावरची बाई

आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमधले लेलेकाका कुठलंही पुस्तक शेवटून उघडायचे. वाचनालयात नवीन पुस्तकं मांडली की काका टेबलाशी हजर. मुखपृष्ठाकडे, लेखकाकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. थेट संदर्भसूचीत शिरायचे, 'ल'वर बोट ठेवायचे आणि स्वतःला शोधायचे. नाही सापडले की पुस्तक मिटून म्हणायचे, "उथळ आहे." एकदा तर त्यांनी लोणच्यांचं पुस्तकही उथळ ठरवलं होतं.

स्वतः काकांनी एकच पुस्तक लिहिलं होतं, ठाण्याच्या खाडीकाठच्या लग्नगीतांचा इतिहास. सरकारी नोकरी सांभाळून दहा-बारा वर्षं खपून लिहिलेलं. त्यामुळे कुणी आधाराशिवाय बोललेलं त्यांना चालायचं नाही. सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी म्हणाला, "उद्या पाणी येणार नाही," की काका उभे. "आधार काय?" काकू वारल्या, मुलगी बडोद्याला सासरी गेली, आणि मग असे प्रश्न विचारायला त्यांना आम्हीच उरलो.

कुणाच्या पुस्तकात काकांचा उल्लेख आला की बिल्डिंगभर पेढे वाटले जायचे. चारदा आम्ही ते खाल्ले. पाचव्या खेपेला पेढे आलेच नाहीत, तेव्हा मी चौकशीला गेलो. काका पाच पुस्तकं उघडी टाकून बसले होते.

"अरे, पाचही जणांनी एकच वाक्य उचललंय!"

वाक्य त्यांच्या पुस्तकातल्या पृष्ठ एकशे बारावरचं होतं. 'कोलशेतच्या धर्मीबाई या अखेरच्या धवलारणीच्या निधनाने ही परंपरा संपली.' धवलारीण म्हणजे लग्नात विधींची गाणी म्हणणारी बाई.

"मग चांगलंच आहे की, काका."

"कसलं चांगलं! बाई जिवंत आहे!"

झालं होतं असं. छापखानेवाल्याची घाई होती, कोलशेतला जायचा काकांनी कंटाळा केला आणि तिथल्या एका मास्तरांच्या पत्रावर ते विसंबले. गावात त्या नावाच्या दोघी होत्या. वारली ती दुसरी. मागच्याच आठवड्यात काका तिकडे एका लग्नाला गेले, तर वारलेली बाई मांडवात बसून खणखणीत आवाजात गात होती.

"परंपरा संपली म्हटल्यावर कोण जाणार रे तिचं ऐकायला?" काका म्हणाले. "मी तिला छापून मारलं."

मग काका खळीचा डबा घेऊन बाहेर पडले. ठाणे, कल्याण, जिथे म्हणून त्यांचं पुस्तक होतं तिथे जाऊन चिठ्ठी चिकटवायची. 'शुद्धिपत्र. पृ. ११२. बाई हयात आहेत.' एका वाचनालयात ते रंगेहाथ सापडले. "लेखक मीच आहे हो," असं त्यांनी सांगितलं, तर ग्रंथपाल म्हणाले, "मग लिहितानाच बघायचं होतं." पाचही अभ्यासकांना काकांनी पत्रं घातली. एका प्राध्यापकांचं तेवढं उत्तर आलं. 'आपल्या पत्रातील माहिती आपल्याच ग्रंथाशी जुळत नाही. आम्ही ग्रंथ प्रमाण मानला आहे.' त्यानंतर तीन दिवस काका खाली उतरले नाहीत.

चौथ्या दिवशी टेपरेकॉर्डर घेऊन उतरले. तेव्हापासून महिन्यातल्या एका रविवारी, अख्खी बिल्डिंग टीव्हीपुढे बसलेली असताना, काका कोलशेतला निघायचे. धर्मीबाई गायच्या, काका टेप भरायचे. असं चार वर्षं चाललं. फक्त ते वाक्य त्यांनी बाईंना कधी सांगितलं नाही. त्यांचा धीरच होत नव्हता, आणि मला त्यांची फार कीव यायची.

एका रविवारी मला म्हणाले, "आज सांगणार. तू चल बरोबर. तिनं मारायला घेतलं तर सोडवायला कुणीतरी हवं."

धर्मीबाई ओट्यावर सुक्या कोळंबीचे सोडे निवडत बसल्या होत्या. "आयलास? आन ह्यो कोन?" असं म्हणेपर्यंत काकांनी भडाभडा सगळं सांगून टाकलं. पान, वाक्य, मास्तरांचं पत्र. शेवटी हात जोडून उभे राहिले.

म्हातारी हसत सुटली. "माना म्हाईत हाय रं. सुनेनं तवाच वाचून दाखवलं."

"मग बोलला नाहीत कधी?"

"कशाला बोलू? बोलले असते तं तू लाजून यायचा बंद झाला असतास. आता लग्नान क्यासेटी लावतान. माजा गाना आयकाला तुज्याबिगर कोन येतो?" सोडे बाजूला सारून त्यांनी काकांना बसायला जागा केली. "आता बोललास. आता येशील का नाय?"

काका तिथे टेकले. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलंही नाही.

"येईन," ते म्हणाले. "मला तरी दुसरीकडे कुठे जायचं असतं, धर्मीबाई?"